इनायतचाचांचं इटालियन

इनायतचाचांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन. तरीही सहा हंगाम आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीतून इटालियनमध्ये भाषांतरं केली, आणि त्यातलं एकही चुकलं नाही असं मी आजही छातीठोकपणे सांगते. चुकलं असतं तर मशीन सुरू झालं नसतं. आमची परीक्षा इतकी सरळ होती. चाचा जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांची नोकरीही एका भाषांतरापायीच गेली, आणि ते भाषांतर मूळ मजकुरापेक्षा खरं होतं. मूळ मजकूर माझा होता.

रत्नागिरीत 'कॅनिंग' म्हणजे आंब्याचा रस डब्यात भरणारा कारखाना. देखणा आंबा पेटीतून मुंबईला जातो आणि डागी, लहान, फार पिकलेला कॅनिंगला येतो. आमचं कॅनिंग शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर होतं. वर्षातले नऊ महिने तिथे मोजकीच माणसं असायची आणि मे महिन्यात गेटबाहेर टेम्पोंची रांग हायवेपर्यंत जायची. मी तिथल्या लॅबमध्ये रसाचा गोडवा मोजायचे. शिवाय खेडच्या इंग्रजी शाळेत शिकले म्हणून शेठची इंग्रजी पत्रंही लिहायचे. हे दुसरं काम नेमणुकीच्या कागदावर नव्हतं, पण पहिल्यापेक्षा तेच जास्त झालं.

कारण आमचा पल्पर. आंब्याचा गर आणि बाठा, म्हणजे कोय, वेगळा करणारं हे मशीन इटलीहून आलेलं. बिघडलं की इटलीला कळवायचं. तिथल्या ऑफिसातल्या पोरांना इंग्रजी यायचं पण मशीन कळायचं नाही, आणि ज्याला मशीन कळायचं त्या एत्तोरे नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला इटालियनशिवाय काही यायचं नाही. इंग्रजीतून कळवलेला बिघाड त्याच्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागायचे. पिकलेला आंबा तीन दिवस थांबत नाही. म्हणून आमची पत्रं थेट एत्तोरेला, त्याच्या भाषेत जायची, आणि ती भाषा अख्ख्या कॅनिंगमध्ये फक्त स्टोअर सांभाळणाऱ्या इनायतचाचांना येत होती.

चाचा राजिवड्याचे, खाडीकाठच्या मोहल्ल्यातले. बावीस वर्षं इटालियन मालवाहू बोटींवर इंजिनरूममध्ये फिटर होते. शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दू शाळेत. इटालियन कुठे शिकलात म्हणून विचारलं की म्हणायचे, "आवाजात." बोटीच्या इंजिनापाशी माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. मोठा इंजिनीअर आधी हाताने करून दाखवायचा, मग त्यांच्या कानाला तोंड लावून शब्द ओरडायचा. बावीस वर्षं हे असं चाललं, आणि लिहा-वाचायला ते तिथल्याच सुट्या भागांच्या याद्यांवरून शिकले. त्यामुळे कुठलाही शब्द आधी हाताने करून पाहिल्याशिवाय चाचांना पटायचाच नाही.

पहिल्या हंगामात मी अगदी ऐटीत पत्र घेऊन स्टोअरमध्ये गेले. बेल्ट 'वोर्न आऊट' झालाय, मोटर 'ब्रोक डाऊन' झालीय, वाफ 'शट ऑफ' केलीय. शाळेत बाईंनी फ्रेजल व्हर्ब्ज घोटून घेतली होती, ती सगळी मी त्या एका पानात खर्ची घातली होती. चाचांनी दोरीने बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, पत्राकडे बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"ह्या नको. काय झाला ता सांग."

"म्हणजे... बेल्ट वोर्न आऊट झाला."

"तुझ्या आवशीला सांगतेस तसा सांग ना, बाय."

"झिजला," मी म्हटलं.

"हा. कसा झिजला? हातानं दाखव."

मी एका तळव्यावर दुसरा तळवा घासून दाखवला. चाचा उठले आणि भिंतीपाशी गेले. त्या भिंतीवर खिळ्यांना सुतळीने बांधलेले मशीनचे मेलेले भाग टांगलेले होते: दाते गेलेली चाकं, रबरी वायसर, वाकलेले दांडे, तारेच्या काळ्या पडलेल्या गुंडाळ्या. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी. झिजला, वाकला, फुगला, जळला, गंजला, चिरला. त्यांनी एक बेल्ट काढून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, असा झिजला, की ह्या दुसऱ्यासारखा कडेनं सोलवटला? मी म्हटलं, असा. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून लिहिलं: 'लोगोरातो.'

ही भिंत म्हणजे आमचा शब्दकोश. मी इंग्रजी घेऊन यायचे, ते माझ्याकडून मराठी काढून घ्यायचे, आणि मराठीतून इटालियनमध्ये जायचे. त्यांच्या हिशेबी इटालियन आणि मराठी एका आळीतल्या. झिजणं म्हटलं की झिजणं, त्याला मागे 'आऊट'चं शेपूट नको. इंग्रजी नळही 'टर्न ऑफ' करते आणि दिवाही. "इटालियन माणूस पानी बंद करतो आनि दिवा विझवतो, आपल्यासारखाच," ते म्हणायचे आणि 'क्युदेरे', 'स्पेन्येरे' असे दोन शब्द दोन हातांनी करून दाखवायचे. इंग्रजीवर त्यांचा राग नव्हता. तिचं म्हणे असं आहे की पहिला शब्द हात आणि दुसरा रस्ता. हात तोच, रस्ते पन्नास. ज्याला रस्ता माहीत तो पोचतो, बाकीचे भटकतात. मला एवढं सोपं करून कुठल्या बाईंनी सांगितलं नव्हतं.

मध्ये एका वर्षी शेठच्या मुलाने मोबाइलवरचं भाषांतर आणलं. "चाचांना कशाला त्रास?" म्हणून त्याने बेल्ट 'गिव्हन आऊट' झाल्याचं, म्हणजे निकामी झाल्याचं, वाक्य परस्पर एत्तोरेला पाठवलं. दोन तासांनी उत्तर आलं. चाचांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. एत्तोरे विचारत होता: बेल्ट वाटलात हे चांगलं केलंत, पण कुणाकुणाला वाटलात? कॅनिंगमध्ये चार दिवस याच्यावर चहा झाला. चाचा मात्र हसले नाहीत. मोबाइलला हात नाहीत, त्याचा काय दोष, एवढंच म्हणाले.

शेठ एकदा फार चिडले होते. भाग यायला उशीर झाला म्हणून त्यांनी मला 'वी कॅनॉट पुट अप विथ धिस' असं खणखणीत वाक्य लिहायला लावलं. मी मराठी सांगितलं: आम्ही हे सोसणार नाही. चाचांनी मान हलवली. शब्द आहे म्हणाले, 'सोप्पोर्तारे', पण लिहायचा कशाला? "शेठ सोसतो ता एत्तोरेला काय उपयोगाचा? आंबा किती तास सोसेल ता इचार." मी शेठना विचारून आले, आणि पत्रात गेलं की माल परवा दुपारपर्यंत टिकेल, पुढे नाही. भाग त्याच संध्याकाळी विमानात चढला. आपल्या रागाचं भाषांतर झालेलं नाही हे शेठना कधी कळलं नाही.

एत्तोरेला चाचांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण दर ईदला त्याचा निरोप यायचा आणि नाताळात यांचा जायचा. बायकोचे गुडघे, मुलाची नोकरी, सगळं एकमेकांना माहीत. दुपारी पत्र्याच्या डब्यांच्या थप्पीमागे नमाज पढून झाला की चाचा बोटीवरच्या छोट्या भांड्यात काळी कडू कॉफी करायचे. मला एकदा दिली. मी दुसऱ्यांदा मागितली नाही.

आता जाळीचं. पल्परच्या तोंडावर लोखंडी जाळी असते, आत कुणाचा हात जाऊ नये म्हणून. ती बोल्टांनी घट्ट बसवलेली. पण आंब्याचा बाठा मध्येच अडकतो. मग मशीन बंद करा, बोल्ट सोडवा, जाळी काढा, बाठा काढा, पुन्हा सगळं बसवा. दर वेळी पाव तास. बाहेर टेम्पो हॉर्न वाजवतायत, क्रेटमधला आंबा खालून पाझरतोय. म्हणून आमच्याकडे रिवाज असा, की मे महिना लागला की जाळी काढून बॉयलरमागच्या खिळ्याला टांगायची आणि पावसाच्या तोंडावर परत बसवायची. बाठा अडकला की चालू मशीनमध्येच लाकडी दांडक्याने ढकलायचा. सगळ्या कॅनिंगना हेच चालतं असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मी रोज रसाची बाटली घेऊन त्या खिळ्यावरून जायचे. जाळी काढायला लागणारा पाना स्टोअरमध्ये असायचा. पहिल्या वर्षी चाचांनी द्यायला खळखळ केली म्हणे, पुढे नुसता काढून द्यायचे.

सहाव्या हंगामात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पल्परवर काम करणाऱ्या सुगंधा नावाच्या बाईचं दांडकं मोडलं. बाठा तसाच राहिला. तिने हात घातला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेठनी स्वतःच्या गाडीत घालून तिला सिव्हिलला नेलं, तिथे रात्रभर बसले, हेही सांगायला हवं. सकाळी केबिनमध्ये आले तेव्हा त्यांचा शर्ट तोच होता. मला म्हणाले, "इटलीच्या कंपनीला पत्र लिही. जाळी चालू मशीनवर निसटली म्हणून. सरकारी चौकशी आली की तेच पत्र दाखवू. नायतर कॅनिंगला टाळा लागेल, आणि ह्या दीडशे बायका ऐन हंगामात घरी बसतील."

मी लिहिलं. खोटं आहे हे माहीत होतं, तरी एका दमात लिहिलं. 'द गार्ड केम ऑफ.' चार शब्द, सुटसुटीत, त्यात माणूस कुठेच नाही. मला ते वाक्य जमल्यासारखंही वाटलं. याची मला आज लाज वाटते.

पत्र घेऊन स्टोअरमध्ये गेले. चाचांनी नेहमीसारखंच विचारलं, "काय झाला ता सांग."

"जाळी निसटली, चाचा."

ते उठले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात बॉयलरमागची जाळी होती. ती टेबलावर ठेवून त्यांनी शेजारी बोल्ट मांडले, एकेक, अंगठ्याएवढे जाड. मग खुर्ची मागे सरकवली.

"हातानं दाखव."

मी उभी राहिले. सहा वर्षं त्या टेबलापाशी मी तुटणं, वाकणं, फुगणं, गळणं सगळं करून दाखवलं होतं. आज हात उचलला जाईना. त्यांनी घाई केली नाही.

"काढली," शेवटी मी म्हणाले.

"कोनी?"

"मला नाही माहीत, चाचा. मी लॅबमध्ये असते."

"मना म्हायत हाय," ते म्हणाले. "पाना मी दिला."

आणि त्यांनी लिहायला घेतलं. लिहिताना प्रत्येक ओळ मला मराठीत सांगत होते, कारण इंग्रजी प्रत मला करायची होती. जाळी निसटली नाही, आम्ही काढली. दर हंगामात काढतो. पाना मी देतो, या वर्षीही मीच दिला. सुगंधा नावाच्या बाईची दोन बोटं गेली, वय चौतीस, कामाचा हात उजवा. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

"चाचा, माझं नाव घालू नका हं," मी म्हटलं. हे वाक्य मी खरोखर उच्चारलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यात राग नव्हता. "तुझा मी कशाला लिवू? तुला लिवायचा असला तर तू लिव."

पत्र पाठवण्याआधी ते शेठच्या केबिनमध्ये गेले आणि काय लिहिलंय ते सांगितलं. दार उघडंच होतं. शेठ ओरडले नाहीत. म्हणाले, "चाचा, तुम्ही बाबांच्या वेळचे. तुम्हीच असं केलंत तर मी कोणाकडे बघायचं?" चाचा म्हणाले, "एत्तोरे माझा शब्द वाचून मशीनला हात लावतो. उद्या त्याला मी काय सांगू?" आणि तिथूनच त्यांनी फोनवरून पत्राचा फोटो पाठवून दिला. मग टोपी घातली आणि सिव्हिलला सुगंधाकडे गेले. तिला काय सांगितलं ते त्या दोघांनाच ठाऊक.

टाळं लागलं नाही. चौकशी झाली, शेठना दंड झाला, जाळी परत चढली आणि उरलेला हंगाम रडतखडत पार पडला. जूनमध्ये चाचांना, आता घरी आराम करा, असं सांगण्यात आलं. त्यांनी स्टोअरच्या किल्ल्या मोजून दिल्या. निरोपाचा चहाही झाला नाही. एत्तोरेकडूनही महिनोन्महिने एक ओळ नाही. मला वाटायचं, नोकरीपेक्षा तेच त्यांना जास्त लागलं असणार.

दिवाळीनंतर इटलीहून लाकडी खोकं आलं. आत नव्या प्रकारची जाळी आणि एक जाड पाकीट, वर चाचांचं नाव. शेठनी ते बराच वेळ हातात धरलं, मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "नेऊन दे. आणि उघडू नको."

राजिवड्याच्या घरी चाचा ओटीवर बसले होते. चाचींनी मला पाणी दिलं. चाचांनी पाकीट उघडून दोन पानं मनात वाचली, आणि मग मला मराठीत सांगायला लागले. एत्तोरेने लिहिलं होतं की जाळी निसटल्याची तक्रार त्यांना वर्षानुवर्षं येते आहे. कुठल्या कुठल्या देशांतून. संत्र्याच्या कारखान्यातून, टोमॅटोच्या कारखान्यातून. सगळ्यांनी लिहिलेलं, निसटली. "म्हनून आमी दर वेळी बोल्ट जाड केले," चाचा वाचत होते. "चाराचे सहा केले. मीच सांगितला, आनखी जाड करा. आमी काढली असा आजपर्यंत कोनी लिवला नाय." त्यांनी पान उलटलं. "हाताला बोल्ट अडवत नाय. म्हनून आता जाळी उचलली की मशीन आपोआप थांबेल असा केलाय. गप ऱ्हायलो कारन ह्या बनवत होतो."

पत्राची घडी घालून त्यांनी ते चाचींकडे दिलं. चाचींनी ते कपाटात ठेवलं.

नवी जाळी बसवायच्या सूचना इटालियनमध्ये होत्या, त्यामुळे मार्चमध्ये शेठना चाचांना बोलवावंच लागलं. ते एका सकाळपुरते आले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. पांढरा झब्बा घातला होता आणि बरेच वाळले होते. इलेक्ट्रिशियनला त्यांनी एकेक ओळ सांगितली, हाताने दाखवत दाखवत. अकराच्या सुमाराला मशीन रिकामं सुरू केलं. चाचांनी चालत्या मशीनवरची जाळी स्वतःच्या हाताने उचलली. मशीन थांबलं. खाली केली, सुरू केलं, पुन्हा उचलली. पुन्हा थांबलं.

फोरमन म्हणाला, "हंगामात दर टायमाला असा बंद पडला तर कसा चालेल?"

"पडूदे बंद," मागून आवाज आला. सुगंधा होती. ती आता लेबलं लावायच्या टेबलावर काम करायची, आणि त्या अपघातापासून पल्परच्या बाजूला फिरकली नव्हती. ती पुढे आली, उरलेल्या तीन बोटांनी जाळी धरली आणि वर उचलली. मशीन थांबलं. ती थांबलेल्या मशीनच्या आत बघत राहिली.

"चाचा," ती म्हणाली, "ह्या त्यांनी आदी का नाय धाडला?"

"मी आदी लिवला नाय म्हनून," चाचा म्हणाले.

जाळी हलकेच खाली ठेवून सुगंधा आपल्या टेबलाकडे गेली. चाचांनी हात पुसले, शेठना सलाम केला आणि गेटच्या दिशेने चालायला लागले. मी लॅबच्या दारात उभी होते. तिचा प्रश्न मलाही लागू होता आणि माझं उत्तरही तेच होतं. ते मी तिला अजून दिलेलं नाही.